एकोणचाळीस आणि सहा: रखमानिनोवच्या दोन आयुष्यांचा हिशेब

रशियन रचनाकार आणि पियानोवादक सर्गेई रखमानिनोवच्या रचनांची क्रमवार यादी काढून बसलं की मधोमध एक मोठं खिंडार दिसतं. विद्यार्थिदशेतल्या पहिल्या पियानो कॉन्चेर्टोपासून (पियानो आणि वाद्यवृंदाच्या मोठ्या रचनेपासून), म्हणजे १८९१ पासून, १९१७ पर्यंतच्या सव्वीस वर्षांत त्याच्या नावावर ओपस, म्हणजे रचनाक्रमांक, १ ते ३९ जमा आहेत. त्यात दोन सिंफनी, तीन कॉन्चेर्टो, ऑपेरा, चोवीस प्रील्यूड (पियानोचे छोटे तुकडे), गाण्यांचे संच, रात्रभराच्या चर्चप्रार्थनेचं समूहगान असं सगळं आलं. पुढची पंचवीस वर्षं, १९१८ पासून १९४३ मध्ये डोळे मिटेपर्यंत, तो अमेरिकेत आणि युरोपात होता. त्या पंचवीस वर्षांत भर पडली सहा क्रमांकांची. ४० ते ४५, बस्स.

याचं ठरलेलं उत्तर रखमानिनोव ऐकणाऱ्या सगळ्यांना पाठ आहे. देश सुटला, माती सुटली, सूर आटले. तो स्वतःही तेच सांगायचा. लिहीत का नाहीस, असं मित्र मेटनरने विचारलं तेव्हा त्याने उलट विचारलं, की शेतातल्या उभ्या पिकाची सळसळ आणि बर्चच्या पानांचा आवाज किती वर्षांत कानावर नाही, तर लिहू कसा? हे उत्तर खोटं म्हणायची माझी हिंमत नाही. पण मला ते अपुरं वाटतं. त्याच पंचवीस वर्षांत हा माणूस दुसरं एक काम पूर्णवेळ करत होता, आणि ते काम जगातल्या सर्वांत मोठ्या पियानोवादकांपैकी एक असण्याचं होतं. वाजवणारा आणि लिहिणारा एकाच देहात राहतात, तेव्हा दोघांना मिळून दिवस एकच मिळतो. रखमानिनोवच्या घरी त्या दिवसाची वाटणी कशी झाली, हे मला या प्रकरणात पाहायचं आहे.

डिसेंबर १९१७

ऑक्टोबर क्रांतीच्या दिवसांत तो मॉस्कोतल्या आपल्या घरी बसून तोच पहिला कॉन्चेर्टो नव्याने लिहून काढत होता. बाहेर गोळीबार चालू होता. इमारतीतल्या रहिवाशांनी रात्रीच्या पहाऱ्याच्या पाळ्या लावून घेतल्या होत्या आणि त्यात त्याचीही पाळी येत असे. वय चव्वेचाळीस. बायको नताल्या, दोन मुली, इरीना चौदा वर्षांची आणि तात्याना दहा.

त्याचं खरं घर मात्र मॉस्कोत नव्हतंच. ते होतं तांबोव्ह प्रांतात, इवानोव्हका नावाच्या वाडीवर. ती बायकोच्या माहेरची इस्टेट. मॉस्कोहून तिथे जायचं म्हणजे सपाट मैदानातून शेकडो मैल आग्नेयेला. डोंगर नाही, समुद्र नाही, नजर पोचेल तिथपर्यंत पीक. हिवाळाभर मॉस्कोत काय कमवायचं ते कमवायचं, मे महिना लागला की इवानोव्हका गाठायची आणि शरदापर्यंत लिहायचं, हा त्याचा वर्षानुवर्षांचा परिपाठ होता. पहिल्या एकोणचाळीस क्रमांकांतले बहुतेक त्या वाडीवर जन्मले. मिळकतीतला मोठा हिस्साही त्याने तिथल्या शेतीत आणि जनावरांत घातला होता. १९१७ च्या वसंतात तो तिथे शेवटचा गेला. पुढे ते घर लुटलं गेलं.

स्वीडनमधून मैफिलींचं बोलावणं आलं, तेव्हा त्याने ते लगेच धरलं. डिसेंबरच्या शेवटी चौघं जण पेट्रोग्राडहून रेल्वेने निघाली, फिनलंड ओलांडलं, सरहद्दीजवळचा टप्पा बर्फातून उघड्या स्लेजमधून पार केला आणि नाताळच्या आदल्या दिवशी स्टॉकहोमला पोचली. सामान हातात मावेल एवढंच. स्वरलिपींपैकी बरोबर आलं ते म्हणजे अर्धवट राहिलेल्या 'मोना व्हाना' ऑपेराचा पहिला अंक, काही वह्या आणि रिम्स्की-कोर्साकोव्हच्या 'सोनेरी कोंबड्या'ची छापील प्रत. त्याच्या पहिल्या सिंफनीची हस्तलिखित प्रत मागे राहिली. तिच्याकडे शेवटी परत यावं लागणार आहे.

आता पोट कशावर भरायचं? लिहिण्यावर भरणं शक्य नव्हतं. रशिया आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करारात नव्हता, त्यामुळे त्याची जगभर वाजणारी चीज त्याला पैचं उत्पन्न देत नव्हती. सी शार्प मायनर प्रील्यूडचंच घ्या. एकोणिसाव्या वर्षी लिहिलेला, लंडनपासून शिकागोपर्यंत दिवाणखान्या-दिवाणखान्यांत वाजणारा हा तुकडा प्रकाशकाने एकरकमी ४० रूबलला घेतला होता. त्यानंतरच्या लाखो प्रतींतलं त्याच्या हाती काही आलं नाही.

तीन ससे

रशियात रखमानिनोवचे तीन धंदे होते. तो रचनाकार होता, वाद्यवृंदाचा संचालक होता (बोल्शोई थिएटरात त्याने दोन मोसम काढले होते) आणि पियानोवादक होता. आपण तीन सशांच्या मागे धावलो, एक तरी नीट हाती लागला का कुणास ठाऊक, अशी खंत तो बोलून दाखवत असे. स्कँडिनेव्हियात पोचल्यावर त्यातला एक ससा निवडायची वेळ आली.

अमेरिकेतून प्रस्ताव आले. बॉस्टन सिंफनीने विचारलं, संचालक म्हणून या, तीस आठवड्यांत ११० मैफिली. सिनसिनाटीचंही बोलावणं होतं. शिवाय पंचवीस पियानोवादनांचा एक प्रस्ताव. त्याने सगळ्यांना नकार कळवला. नकाराचं कारण मला फार प्रामाणिक वाटतं. इतक्या मैफिली संचालित करायला लागेल एवढ्या कृती आपल्या हातात बसलेल्या नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. नकार देऊनही अमेरिकेला जायचं मात्र त्याने ठरवलं, आणि जायचं ते पियानोवादक म्हणून.

हा निर्णय आज सोपा वाटतो, कारण पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. तेव्हा तो सोपा नव्हता. रखमानिनोव तोवर मंचावर मुख्यतः स्वतःचंच वाजवत आला होता. अपवाद १९१५ चा. सहाध्यायी स्क्रियाबिन अचानक गेला, तेव्हा त्याच्या कुटुंबासाठी पैसे उभे करायला रखमानिनोवने त्याच्या रचनांचे कार्यक्रम केले. पण ज्याला मैफिलीचा वादक म्हणतात, ज्याच्या हातात बाख, बीथोवन, शोपां, शूमान, लिस्ट असे सगळे तयार असतात आणि जो आज इथे, परवा तिथे असं पाच महिने वाजवत फिरू शकतो, तो रखमानिनोव नव्हता. तसे वादक विसाव्या वर्षी घडलेले असतात. हा पंचेचाळिसाव्या वर्षी कोपनहेगनजवळ भाड्याच्या घरात रियाजाला बसला. एका रशियन बँकवाल्याने प्रवासखर्चाला पैसे उसने दिले. १ नोव्हेंबर १९१८ ला ओस्लोहून, म्हणजे तेव्हाच्या क्रिस्तियानियाहून, बोट निघाली आणि १० तारखेला न्यू यॉर्कला लागली. दुसऱ्याच दिवशी महायुद्ध थांबल्याची बातमी आली आणि शहर रस्त्यावर उतरलं. ८ डिसेंबरला प्रॉव्हिडन्समध्ये पहिली मैफिल झाली. मध्यंतरी साथीच्या फ्लूने त्याला आणि मुलींना गाठलं होतं, तरी ती चुकली नाही.

इथे लिस्टची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. त्याने नेमकं उलटं केलं होतं. युरोपभर वेड लावणारा हा वादक १८४७ च्या सप्टेंबरात, पस्तिसाव्या वर्षी, युक्रेनमधल्या एलिसावेतग्राडला पैशासाठीची शेवटची मैफिल वाजवून मोकळा झाला आणि वायमारला जाऊन लिहीत बसला. त्याला राजाश्रय होता. रखमानिनोवला दोन मुली होत्या आणि रशियात राहिलेले नातेवाईक.

वीस सेकंद

मैफिलीचा वादक होणं म्हणजे रोज काय करणं, हे समजायला एक प्रसंग पुरेसा आहे. पियानोवादक एब्रम चेसिन्स त्याला भेटायला हॉलिवूडला गेला होता. दारापाशी आला तर आतून पियानोचे सुटे सुटे स्वर येत होते. एक स्वर, मग शांतता, मग दुसरा. काय चाललंय ते त्याला ओळखूच येईना. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की हा शोपांचा तिसऱ्या सुरांच्या जोड्यांचा एट्यूड (सरावासाठीची रचना) आहे, ओपस २५ मधला सहावा. चेसिन्सने घड्याळ लावलं. एका मात्राखंडाला वीस सेकंद, आणि याच गतीने जवळजवळ तासभर.

मी हे करून पाहिलं आहे. त्या एट्यूडच्या एका खंडात उजव्या हाताला सोळा जोड्या असतात, आणि मैफिलीच्या लयीत त्या सोळाच्या सोळा दोन सेकंदांच्या आत निघून जातात. वीस सेकंदांना एक खंड म्हणजे प्रत्येक जोडीला सव्वा सेकंद. एवढ्या विलंबित लयीत बोटं लपवायला जागा उरत नाही. चौथं बोट पाचव्याच्या आधी पोचतंय का, मनगट कुठे आवळलं जातंय, दोन स्वरांतला कोणता मोठा झाला, सगळं उघडं पडतं. दहा मिनिटांत माझं लक्ष सुटलं. रखमानिनोव आयुष्याच्या शेवटाकडे आलेला, जगाने डोक्यावर घेतलेला, आणि तो एकेका जोडीला असा हात लावत तासभर बसला होता. ज्या माणसाचा दिवस यात जातो, त्याने संध्याकाळी सिंफनी लिहायला घ्यावी असं म्हणणं सोपं आहे.

त्याच्या हाताबद्दल सगळेच बोलतात, तर थोडं सांगतो. डाव्या हाताने तो सा, कोमल ग, प, तार सा आणि त्यावरचा प असे पाच स्वर एका वेळी दाबू शकत असे. म्हणजे एक सप्तक ओलांडून पुढे आणखी पंचमापर्यंत. पियानोजवळ गेलात तर पट्ट्या मोजून पाहा, अंतर कळेल. पण मोठा पंजा हे त्याच्या वादनाचं मर्म नव्हतं. मर्म होतं ते तो ज्याला 'बिंदू' म्हणायचा त्यात. प्रत्येक कृतीत एकच शिखराचा क्षण असतो, सगळे चढ-उतार, सगळा जोर त्याच्याकडे मोजून-मापून न्यायचा असतो, आणि तो हातचा गेला तर आख्खी इमारत ढासळते, असं त्याने आपली मैत्रीण, कवयित्री मारिएत्ता शागिन्यान हिला सांगितलं होतं. एकदा मैफिल संपल्यावर सभागृह टाळ्यांनी दणाणत होतं आणि हा आत येऊन ओठ चावत होता, की बिंदू निसटला, तुझ्या लक्षात नाही आलं? समेवर येताना अर्ध्या मात्रेने चुकलेल्या गवयाचा चेहरा ज्याने पाहिला आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

हा विचार वादकाचा आहे की रचनाकाराचा? मला तो दोघांचा वाटतो, आणि म्हणून त्याची ध्वनिमुद्रणं इतर वादकांपेक्षा वेगळी ऐकू येतात. १९३० मध्ये मुद्रित केलेला शोपांचा बी फ्लॅट मायनर सोनाटा ऐका. शवयात्रेच्या भागात मधली शांत धून संपून मूळ पावलं परत येतात, तिथे शोपांने हळू आवाजात वाजवा असं लिहिलेलं असताना रखमानिनोव ती एकदम पूर्ण ताकदीने आणतो आणि मग हळूहळू विझवत नेतो. यात्रा लांबून जवळ आली, समोरून गेली, दूर झाली. लेखकाने लिहिलेल्या खुणा त्याने उलटवल्या आहेत. नुसता वादक असता तर एवढं धाडस झालं नसतं. ते ज्याने स्वतः चीज बांधली आहे त्याचं धाडस आहे.

खोकला

श्रोत्यांनी त्याला काय दिलं आणि काय घेतलं, हेही या हिशेबात धरायला हवं. प्रत्येक मैफिलीच्या शेवटी लोक "सी शार्प!" असं ओरडायचे. एकोणिसाव्या वर्षीचा तो प्रील्यूड वाजवल्याशिवाय उठू द्यायचे नाहीत. त्याला त्या तुकड्याचा उबग आला होता, तरी तो वाजवायचा.

याहून बोलकी गोष्ट १९३१ ची आहे. त्या उन्हाळ्यात त्याने 'कोरेल्लीच्या धुनेवरची आवर्तनं' (व्हेरिएशन्स, म्हणजे एकाच धुनेची बदलत जाणारी रूपं) लिहिली, ओपस ४२. (धून खरं तर कोरेल्लीची नाहीच, 'ला फोलिया' ही त्याच्याही आधीपासूनची जुनी नाचाची धून आहे.) वीस आवर्तनं, देश सुटल्यानंतर एकट्या पियानोसाठी लिहिलेली त्याची ही एकमेव मोठी मूळ कृती. शरदात दौरा सुरू झाला, ती तो वाजवू लागला. डिसेंबरमध्ये मेटनरला पाठवलेल्या पत्रात तो कळवतो की कृती पूर्ण एकदाही वाजवलेली नाही. श्रोत्यांच्या खोकल्याकडे लक्ष ठेवून वाजवतो. खोकला वाढला की पुढचं आवर्तन गाळायचं, नाही वाढला तर क्रमाने पुढे जायचं. एका लहान गावात इतके खोकले की वीसपैकी दहाच वाजवली. सर्वांत चांगला आकडा न्यू यॉर्कचा, अठरा.

हे पत्र गमतीच्या सुरात आहे, पण मला ते वाचताना हसू येत नाही. लिहिणाऱ्याने महिनोन्‌महिने जुळवलेला क्रम वाजवणाऱ्याने एका खोकल्यासरशी तोडायचा, आणि दोघं एकच. रचनाकार दुसरा कोणी असता तर रखमानिनोव वादकाने त्याचं एकही पान गाळलं नसतं. स्वतःच्या कृतीवर मात्र त्याचा भरवसा असा तुटपुंजा होता.

त्याचं मूळ १८९७ मध्ये आहे. मार्चमध्ये पीटर्सबर्गला त्याची पहिली सिंफनी ग्लाझुनोव्हच्या संचालनाखाली वाजली आणि पार कोसळली. तालमी अपुऱ्या होत्या, प्रयोग विस्कळीत झाला. समीक्षक सेझार क्युईने तर तिची तुलना इजिप्तवर कोसळलेल्या बायबलमधल्या दहा संकटांशी केली. त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं तो काही मोठं लिहू शकला नाही. १९०० मध्ये डॉक्टर निकोलाय डाल यांच्याकडे उपचार झाले, दुसरा पियानो कॉन्चेर्टो उभा राहिला, तो त्याने डॉक्टरांनाच अर्पण केला, ही कहाणी सर्वश्रुत आहे. कमी बोललं जातं ते हे, की जखम भरली तरी वण राहिला. कोणी नावं ठेवली की तो कृती कापायचा. १९२६ चा चौथा कॉन्चेर्टो मार्च १९२७ मध्ये फिलाडेल्फियात पडला, तर त्याने तो १९२८ मध्ये कापला आणि १९४१ मध्ये परत एकदा कापला.

सहा जन्मतारखा

आता ज्या सहा कृती झाल्या, त्या कधी झाल्या ते पाहू. माझा मुद्दा इथे आहे.

चौथा कॉन्चेर्टो आणि 'तीन रशियन गाणी', ओपस ४० आणि ४१, दोन्ही १९२६ ची. त्या वर्षी त्याने मैफिलींतून मुद्दाम सुट्टी घेतली होती. कोरेल्लीची आवर्तनं १९३१ च्या उन्हाळ्यातली, फ्रान्समध्ये क्लेरफाँतेनला भाड्याने घेतलेल्या घरातली. पागानिनीच्या धुनेवरची ऱ्हॅप्सडी (पियानो आणि वाद्यवृंदासाठीची चोवीस आवर्तनं) १९३४ ची, ३ जुलै ते १८ ऑगस्ट, सात आठवड्यांत पुरी. तिसरी सिंफनी १९३५ आणि १९३६ च्या दोन उन्हाळ्यांत. 'सिंफनिक नृत्यं' १९४० च्या उन्हाळ्यात, लाँग आयलंडवर. सहापैकी एकही मोसमात लिहिलेली नाही. शरद ते वसंत दौरा, त्याआधी दौऱ्याची तयारी, मधली फट उरेल तेवढीच लेखणीची. आणि १९१८ ते १९२५ या सलग वर्षांत ती फटदेखील मिळाली नाही. ती वर्षं नव्याने वादक होण्यात, सत्तर-सत्तर मैफिलींच्या मोसमांत, आणि रशियातल्या आप्तांना धान्याची पुडकी पाठवण्यात गेली.

ऱ्हॅप्सडी आणि तिसरी सिंफनी जिथे झाल्या ती जागाही पाहण्यासारखी आहे. स्वित्झर्लंडला ल्यूत्सर्न सरोवराच्या काठी हेर्टेनस्टाइनला त्याने जमीन घेतली आणि घर बांधलं. सर्गेई, नताल्या आणि रखमानिनोव यांची अक्षरं जोडून नाव ठेवलं सेनार. डोंगर फोडून सपाटी केली, झाडं लावली. घर नव्या धाटणीचं, सपाट गच्चीचं, इवानोव्हकासारखं मुळीच नाही. तिथे ना उभं पीक, ना बर्चची मैदानं. तरी त्या घरातल्या पहिल्या पूर्ण उन्हाळ्यात सात आठवड्यांत ऱ्हॅप्सडी उतरली. मातीच सर्वस्व असती तर हे झालं नसतं. त्याला हवी होती कुणी न उठवणारी, आपली स्वतःची जागा आणि सलग दिवस. इवानोव्हकाने पूर्वी दिलं ते हेच असणार, असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट, वाजवणाऱ्याने लिहिणाऱ्याचा फक्त वेळच खाल्ला असं म्हणून हिशेब मिटत नाही. या काळातलं त्याचं लेखन बदललं आहे. आधीच्या कॉन्चेर्टोतला भरगच्च, ओथंबलेला पियानो ऱ्हॅप्सडीत सापडत नाही. तिथे पोत हलका, विरळ, टोकदार आहे, वाक्यं छोटी. आणि धून दुसऱ्याची. पंचवीस वर्षं रोज दुसऱ्यांच्या कृतींत राहिलेला वादक जेव्हा लिहायला बसतो, तेव्हा त्याला 'ला फोलिया' सुचते, पागानिनीचा चोविसावा काप्रिस (व्हायोलिनचा छोटा तुकडा) सुचतो. मधल्या काळात त्याने क्राइस्लरच्या व्हायोलिन तुकड्यांची, बाखच्या पार्टिताची, मेंडेल्सोनच्या स्केर्त्सोची पियानोरूपं केली, तीही मैफिलीसाठीच. ऱ्हॅप्सडीतलं प्रसिद्ध अठरावं आवर्तन पागानिनीची मूळ धून उलटी करून झालं आहे. जिथे स्वर चढतात तिथे उतरवले, उतरतात तिथे चढवले, मायनरचं (उदास छटेच्या स्वरपंक्तीचं) मेजर (उजळ छटेचं) केलं. ही दुसऱ्याच्या वस्तूवर प्रेमाने केलेली कारागिरी आहे, आणि त्यातून निघालेला सूर अस्सल रखमानिनोवचा आहे.

शेवटचं, चोविसावं आवर्तन तर स्वतःच्याच हातांची परीक्षा पाहणारं निघालं. त्यातल्या उड्या लिहिताना बऱ्या वाटल्या, वाजवताना त्याला धास्ती वाटू लागली. पियानोवादक मॉइसेइविचने सुचवलं म्हणून त्याने, एरवी मैफिलीआधी दारूला न शिवणाऱ्याने, पेपरमिंटची लिकर एक पेला घेतली आणि उड्या नीट साधल्या. ७ नोव्हेंबर १९३४ ला बाल्टिमोरला संचालक स्टोकोव्स्कीबरोबर पहिला प्रयोग झाला, आणि या वेळी कापाकापी करायची वेळ आली नाही.

मेटनर

रखमानिनोवने वादक होण्याचा मार्ग घेतला नसता तर काय झालं असतं, याचं उत्तर त्याच्या मित्राच्या आयुष्यात आहे. निकोलाय मेटनर, मॉस्को कॉन्झर्वेटरीचाच, उत्तम पियानोवादक, रचनाकार. चौथा कॉन्चेर्टो रखमानिनोवने त्याला अर्पण केला, त्याने आपला दुसरा कॉन्चेर्टो रखमानिनोवला. मेटनर १९२१ मध्ये देशाबाहेर पडला. लोकांना आवडेल ते वाजवत फिरणं त्याला जमलं नाही, तो आपलं लिहीत राहिला. तंगी सुटली नाही. रखमानिनोवने त्याच्यासाठी अमेरिकेचा दौरा जमवून दिला, पैशाचीही मदत केली. शेवटची वर्षं लंडनमध्ये आजारपणात चालली असताना मदत आली ती आपल्याकडून, म्हैसूरहून. महाराज जयचामराज वाडियार यांनी त्याच्या रचनांच्या ध्वनिमुद्रणाचा खर्च उचलला आणि मेटनरने तिसरा कॉन्चेर्टो त्यांना अर्पण केला. आज आपण मेटनरला त्याच्याच हातून ऐकू शकतो ते त्या मुद्रणांमुळे. रखमानिनोवला हे पाहायला मिळालं नाही, तो तीन वर्षं आधीच गेला होता.

मेटनरला आश्रयदाता साठी उलटल्यावर मिळाला. रखमानिनोवने आश्रयदाता आपल्या दहा बोटांतून उभा केला, आणि तो फक्त स्वतःसाठी नाही. १९२३ मध्ये सिकोर्स्की नावाच्या एका रशियन निर्वासित अभियंत्याला विमानं बांधायला पैसे हवे होते, त्याला याने ५००० डॉलर दिले. पुढे हेलिकॉप्टरसाठी जगाला ठाऊक झालेला सिकोर्स्की तोच. मैफिलींच्या त्या वर्षांतून सिंफनी किती कमी झाल्या हे मोजताना, बिदागीतून कोणाकोणाची चूल पेटली तेही मोजायला हवं.

भारताशी जोडलेला आणखी एक प्रसंग आहे, तो कमी सुखाचा. १९३० मध्ये रवींद्रनाथ टागोर सोव्हिएत रशियाला जाऊन आले आणि तिथल्या शिक्षणाचं त्यांनी कौतुक केलं. जानेवारी १९३१ मध्ये न्यू यॉर्क टाइम्समध्ये त्यावर तिखट पत्र छापून आलं, सही करणाऱ्या तिघांत रखमानिनोव होता. एरवी राजकारणावर तो सहसा जाहीर बोलत नसे. परिणाम लगेच झाला. त्याच वर्षी सोव्हिएत रशियात त्याच्या संगीतावर बंदी आली, ती एक-दोन वर्षांनी सैलावली. माती दुसऱ्यांदा सुटली म्हणायची. त्यानंतरच्या उन्हाळ्यात कोरेल्ली लिहिलं गेलं. पुढे जर्मनीने रशियावर हल्ला केला तेव्हा याच माणसाने आपल्या मैफिलीचं उत्पन्न लाल सैन्याच्या मदतीला दिलं.

१९४० चा उन्हाळा

१९३९ मध्ये युद्धाच्या तोंडावर युरोप सोडावा लागला आणि सेनारही सुटलं. पुढच्या उन्हाळ्यात हंटिंग्टनजवळ, समुद्रकाठी भाड्याच्या घरात, सदुसष्टाव्या वर्षी, तो 'सिंफनिक नृत्यं' लिहायला बसला. शरदातला दौरा ठरलेला होता, त्याचा रियाज चुकवता येत नव्हता. नताल्याच्या आठवणीप्रमाणे सकाळी नऊ ते रात्री अकरा, मध्ये तासाभराची विश्रांती. वाद्यवृंदाची प्रत पूर्ण झाली तेव्हा ऑक्टोबर संपत आला होता आणि मैफिली सुरू झाल्या होत्या. नंतर कसं झालं ठाऊक नाही, ती माझी शेवटची ठिणगी असावी, असं तो म्हणाल्याचं सांगतात. ३ जानेवारी १९४१ ला संचालक ऑर्मंडीने फिलाडेल्फियात ती वाजवली.

पहिलं नृत्य संपत येतं तिथे थांबावं. जोरकस, टाचा आपटत चाललेली लय विरते आणि तंतुवाद्यांवर एक रुंद, शांत धून येते, मेजरमध्ये, वर हार्प, घंटिका आणि पियानो यांची किणकिण. ती आधी कुठेच आलेली नसते आणि नंतर परत येत नाही. १९४१ च्या त्या सभागृहात ती कुठली हे कळणारं कोणी नसणार. ती १८९७ च्या पहिल्या सिंफनीची मुख्य धून आहे. एकदाच वाजलेली, पडलेली, प्रत रशियात राहिलेली ती सिंफनी. तिथे ती मायनरमध्ये, दात-ओठ खात येते. चव्वेचाळीस वर्षांनी त्याने ती शांत करून, कोणाला न सांगता, इथे आणून ठेवली. शेवटच्या नृत्यात मृत्यूच्या जुन्या 'दिएस इरे' धुनेशी झुंजत रात्रभराच्या प्रार्थनेतली आपली एक चाल त्याने वर आणली आणि हस्तलिखिताच्या शेवटी लिहिलं, देवा, तुझे आभार.

त्यानंतर त्याने मूळ असं काही लिहिलं नाही, मैफिली मात्र चालू राहिल्या. १७ फेब्रुवारी १९४३ ला टेनेसीतल्या नॉक्सव्हिलला त्याने शोपांचा तोच बी फ्लॅट मायनर सोनाटा वाजवला. पाठीचं दुखणं असह्य झालं होतं, ते कर्करोगाचं निघालं. दौरा मध्येच सोडून घरी आणल्यावर २८ मार्चला, सत्तरी पुरी व्हायला चार दिवस असताना, बेव्हर्ली हिल्समध्ये तो गेला.

पहिल्या सिंफनीचे वादकांसाठीचे सुटे कागद युद्धाच्या अखेरीस लेनिनग्राडमध्ये सापडले. त्यावरून प्रत पुन्हा जुळवली आणि ऑक्टोबर १९४५ मध्ये मॉस्कोत अलेक्सांद्र गाउकने ती वाजवली, अठ्ठेचाळीस वर्षांनी दुसऱ्यांदा. 'सिंफनिक नृत्यां'मधली ती धून कुठून आली होती, हे तेव्हा ऐकणाऱ्यांना कळलं.